ऑयलरच्या घरची पाटी

जरा हुंगून बघा. काकडीचा वास येतोय ना? नुकत्याच चिरलेल्या, पाणीदार काकडीचा? आता आजूबाजूला पाहा, काकडी कुठेच नाही. समोर एक बाई टोपली घेऊन बसली आहे आणि टोपलीत वीतभर लांबीचे चंदेरी मासे चमकताहेत. वास त्यांचाच आहे. नदीवरचा बर्फ फुटला की हे मासे समुद्राकडून वर चढतात आणि घाटाघाटावर काकडीचा वास पसरतो. इथली माणसं त्यांना कोर्युश्का म्हणतात. हा वास आला म्हणजे हिवाळा संपला, असा त्यांचा हिशोब.

तुम्ही नेवा नदीच्या काठावर उभे आहात. शहर सेंट पीटर्सबर्ग, साल १७७२. पायात चपला असतील तर एका जागी फार वेळ थांबू नका. फळ्यांच्या रस्त्याखाली दलदल आहे आणि तिचा गारवा तळव्यातून वर चढतो. वारा समुद्रावरून येतोय, डांबराचा, ओल्या दोरखंडांचा वास घेऊन. पलीकडच्या गोदीत जहाजाच्या फटींत कोणी डांबर भरत असणार.

आपल्याला समोरच्या वासिलेव्स्की बेटावर जायचंय. नदीतल्या बर्फाच्या शेवटच्या लाद्या वाहून गेल्या आणि होड्यांचा पूल पुन्हा जोडला गेलाय. होडीला होडी बांधून वर फळ्या अंथरल्या आहेत. एखादी भरलेली गाडी गेली की सगळा पूल पोटातून हलतो, आणि नवखा माणूस शेजारच्याचा दंड धरतो. धरा खुशाल, कोणी रागावत नाही. गर्दी तर बघा! मेंढीच्या कातड्याचे कोट घातलेले गाडीवान, हंडे सांभाळत चाललेल्या दूधवाल्या, पीठ उडालेला जर्मन बेकरीवाला, पगारावर उतरलेले खलाशी. कानावर रशियन पडतं, मग जर्मन, मग फिनिश, मधेच फ्रेंच. धक्का लागला की शिवी मात्र रशियनच येते.

पुलाच्या टोकाला तांब्याचं भांडं पाठीशी बांधून उभा असलेला माणूस स्बितेन विकतोय. गरम पाण्यात मध आणि मसाले. एक पेला घ्याच. पहिल्या घोटाला जीभ पोळेल, दुसऱ्याला आपल्या सुंठीच्या काढ्याची आठवण येईल आणि तिसऱ्याला बोटांची टोकं परत आपली वाटू लागतील. ती बोटं आज मला शाबूत हवी आहेत. तुम्हाला दिवसभर खडू धरायचाय.

बेटावर पाऊल ठेवलंत की वास बदलतो. जळक्या लाकडाचा वास, वर्ष होत आलं तरी न गेलेला. गेल्या वर्षी मे महिन्यात या बेटावर आग लागली आणि शेकडो घरं गेली. अजून कुठे काळी तुळई उभी आहे, कुठे नुसता धुराड्याचा खांब. आणि त्याच्याच शेजारी नव्या पाइनच्या फळ्या रचल्या आहेत, करवतीचा भुसा उडतोय, हातोडे चाललेत. डाव्या कानाला हातोडा, उजव्या कानाला चर्चची घंटा. त्या आगीत एक म्हातारा माणूस वरच्या मजल्यावर अडकला होता. त्याला दिसत नव्हतं. बाझल शहराकडचा, म्हणजे त्याच्याच गावचा, पेटर ग्रिम नावाचा कारागीर धुरातून वर चढला आणि त्याला खांद्यावर घालून खाली घेऊन आला. पुस्तकं, सामान बरंचसं जळालं. हस्तलिखितं पुष्कळशी वाचली.

त्याच म्हाताऱ्याकडे आपण चाललोय. लिओनहार्ड ऑयलर. वय ६५.

दार ढकला. आधी उष्णता तोंडावर येईल. भिंतीएवढी, फरशा बसवलेली शेगडी बर्चच्या ओंडक्यांवर धगधगतेय. बाहेरच्या गारठ्यातून आत आलात म्हणून कान झिणझिणतील. मग वास येतील एकामागून एक: कोबीचं सूप, तंबाखू, ओली लोकर, चरबीच्या मेणबत्त्या. आणि या सगळ्यांच्या तळाशी शाळेत असताना नाकात बसलेला एक वास, खडूचा. घरात शांतता असेल असं वाटलं होतं ना? गणिती म्हणजे एकांत, असं आपण उगाच धरून चालतो. इथे नातवंडं पळताहेत, दार आपटतंय, स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. ऑयलर बर्लिनला असताना त्यांना ओळखणाऱ्या एकाने लिहून ठेवलंय की मांडीवर मूल आणि पाठीवर मांजर घेऊन हा माणूस लिहीत बसे. या कुटुंबाने १३ मुलं जन्मलेली पाहिली आणि त्यांतली ८ लहानपणीच गेलेली पाहिली. त्यामुळे इथे पोरांच्या गलक्याला कोणी गप्प करत नाही. मला ही गोष्ट त्यांच्या कुठल्याही सिद्धांताइतकीच मोलाची वाटते.

खोलीच्या मधोमध ते मोठं टेबल. एका हाताने त्याची कड धरून ऑयलर टेबलाभोवती चालताहेत. कड त्या हाताने गुळगुळीत झाली आहे. बोट फिरवून बघा. तरुणपणीच एक डोळा गेला, मग दुसऱ्यात मोतीबिंदू आला. गेल्याच वर्षी शस्त्रक्रिया झाली, थोडे दिवस दिसलं, मग डोळ्यात पू झाला आणि पुन्हा अंधार. आता पाटीवर खडूने मोठाली अक्षरं काढता येतात, तेवढीच. बाकीचं डोक्यात. ते डोकं कसं आहे त्याची गोष्ट ऐका. एकदा दोन शिष्यांनी एका श्रेणीची १७ पदं मिळवली आणि दोघांची उत्तरं पन्नासाव्या अंकाला जुळेनात. ऑयलरनी सगळी बेरीज मनातल्या मनात करून चूक कोणाची ते सांगितलं.

तुम्ही आज त्यांचे मदतनीस. बाक ओढा, बसा. पाटी मांडीवर घ्या आणि हा आकडा वरच्या कडेला लिहा. तो दिवसभर पुसायचा नाही.

२१४७४८३६४७

आपल्या पद्धतीने वाचा: २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. आकडा परका वाटतो, पण त्याचा जन्म तुमच्या ओळखीचा आहे. बुद्धिबळाचा पट आणि गव्हाच्या दाण्यांची गोष्ट आठवा. पहिल्या घरात १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४, दर घराला दुप्पट. राजाचं कोठार रिकामं करणारी ती गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. पहिल्या ३१ घरांतले सगळे दाणे एकत्र केले की बरोबर हा आकडा येतो. २ हा आकडा ३१ वेळा मांडून गुणायचा आणि त्यातून १ वजा करायचा. बत्तिसाव्या घरात जेवढे दाणे पडणार, त्याहून एकच कमी.

प्रश्न एवढाच आहे: या दाण्यांचे सारखे ढीग करता येतात का? एकेक दाण्याचे नकोत आणि सगळ्यांचा मिळून एकही नको. कोणत्याही मधल्या आकड्याचे ढीग करून शेवटी काहीच उरू नये, असं होतं का? होत नसेल तर ही मूळ संख्या. आणि तसं असेल तर माणसाला माहीत असलेली ती सर्वांत मोठी मूळ संख्या ठरेल.

खडू हातात घ्यायच्या आधी या जातीचे आकडे किती जणांना फसवून गेलेत ते ऐका. इटलीतल्या कातालदी नावाच्या माणसाने २ च्या १७व्या आणि १९व्या घातातून १ वजा करून येणाऱ्या संख्या मूळ आहेत हे खरोखर तपासलं होतं. १९वा घात घेतला की येतात ५२४२८७. मग त्याने धीटपणे पुढे म्हटलं की २३, २९, ३१ आणि ३७ या घातांच्याही मूळच आहेत. फ्रेंच गणिती फर्मांनी २३ चा घात फोडला: ८३८८६०७ म्हणजे ४७ गुणिले १७८४८१. ३७ चाही त्यांनीच फोडला, २२३ ने भाग जातो. २९ चा फोडला तो याच म्हाताऱ्याने, तरुण असताना, ११०३ ने. चारांतले तीन गेले. उरला तो तुमच्या मांडीवर आहे. पॅरिसच्या मर्सेन नावाच्या पाद्र्यानेही आपल्या यादीत ३१ घातला होता, पण यादीत घालणं वेगळं आणि दाखवणं वेगळं.

आता सरळ मार्ग कोणता? २ ने भागून पाहा, ३ ने, ५ ने, ७ ने, असं प्रत्येक मूळ संख्येने. ४६३४० च्या पुढे जायला नको, कारण ४६३४१ चा वर्ग आपल्या आकड्याहून मोठा होतो. दोन अवयव असतील तर त्यांतला एक तरी या मर्यादेच्या आत सापडलाच पाहिजे. पण या मर्यादेच्या आत मूळ संख्या पावणेपाच हजारांहून जास्त आहेत. एका भागाकाराला १० मिनिटं धरा. ८०० तास होतात. तुमची बोटं आत्ताच पांढरी पडली आहेत, खडूने म्हणा, गारठ्याने म्हणा.

इथे ते चालणं थांबतं. टेबलाच्या कडेवरचा हात थांबतो. मला या क्षणासाठीच तुम्हाला इथे आणायचं होतं.

पाटीच्या कोपऱ्यात एक छोटं उदाहरण मांडा. २ चा ११वा घात, उणे १. म्हणजे २०४७. ही मूळ संख्या नाही, २३ गुणिले ८९ होते. आता २ चे घात एकेक करून २३ ने भागा आणि फक्त बाकी लिहा. २, ४, ८, १६. पुढे ३२, त्यातून २३ गेले, ९. मग १८. मग ३६ मधून २३ गेले, १३. मग ३, ६, १२, आणि शेवटी २४ मधून २३ गेले, १. परत सुरुवातीला! आता पुन्हा २, ४, ८, १६... आपल्याकडच्या विहिरीवरचा रहाट आठवा. ११ गाडग्यांचा रहाट, अकराव्या गाडग्याला फेरा पूर्ण.

दुसरीकडे फर्मानी सांगून ठेवलंय की कोणतीही विषम मूळ संख्या घ्या, तिच्याहून एक कमी इतकी गाडगी मोजलीत की बाकी १ चं गाडगं वर आलेलं असतंच. २३ साठी बाविसावं गाडगं. ११ गाडग्यांच्या रहाटाचे दोन पूर्ण फेरे. म्हणून २२ ला ११ ने भाग जातो. ८९ चंही तसंच: ८८ मध्ये ११ आठ वेळा.

आता मोठ्या आकड्याकडे या. त्याला भागणारी एखादी मूळ संख्या असेलच, तर तिचा रहाट ३१ व्या गाडग्याला १ वर यायला हवा. ३१ स्वतः मूळ असल्यामुळे रहाट ३१ गाडग्यांचाच असणार, कमी नाही. म्हणून त्या संख्येतून १ काढला की उरलेल्याला ३१ ने भाग गेला पाहिजे. ती संख्या विषम, म्हणून २ नेही. म्हणजे ६२ च्या पाढ्यात एक मिळवून येणाऱ्या संख्यांखेरीज कोणाला विचारायचंच नाही! ३ ने भागून पाहायला नको, ५ ने नको, ७ ने नको, १०१ ने नको. त्यांना या घरात शिरायला दारच नाही.

चाळणी अजून संपली नाही. २ चा ३२वा घात हा एका संख्येचा वर्ग आहे, आणि आपल्या भाजकाने त्याला भागलं तर बाकी २ येणार. ज्या विषम मूळ संख्येने एखाद्या वर्गाला भागल्यावर बाकी २ उरते, त्या संख्येला ८ ने भागलं तर १ किंवा ७ च उरतात. पाढा म्हणत चला आणि गाळत चला. ६३ ठेवा. १२५ आणि १८७ पुसा. २४९ आणि ३११ ठेवा. ३७३ आणि ४३५ पुसा. दोन ठेवायच्या, दोन पुसायच्या. राहतात त्या २४८ च्या पाढ्यात १ किंवा ६३ मिळवून येणाऱ्या. त्यांतल्याही ज्या मूळ नाहीत त्या काढा. ४६३४० पर्यंत आता ऐंशी-पंच्याऐंशीच राहिल्या. ८०० तासांचे साधारण १४ तास झाले, आणि हे केलं ते डोळ्यांनी पाटी न दिसणाऱ्या माणसाने. गणितात मेहनत लागते हे खरंच आहे, पण कोणती मेहनत करायची नाही हे ठरवणारी बुद्धी दुर्मीळ. ती मी इथे या टेबलापाशी पाहिली.

चला, खडू. ६३ म्हणजे ७ नवे, बाद. २४९ म्हणजे ३ गुणिले ८३, बाद. पहिला खरा उमेदवार ३११.

पाटी पुसा, वरचा आकडा सोडून. ओल्या चिंधीने पुसू नका, वाळायला वेळ लागतो. बाही चालेल. २१४७ मध्ये ३११ किती वेळा? ६. सहा वेळा म्हणजे १८६६, उरले २८१. वरचा ४ खाली घ्या, २८१४. नऊ वेळा, २७९९, उरले १५. ८ खाली घ्या, १५८. जात नाही. शून्य लिहा. हे शून्य विसरलात तर पुढचं सगळं जाईल, आणि ऑयलरना ते ऐकूनच कळेल. ३ खाली घ्या, १५८३. पाच वेळा, १५५५, उरले २८. ६ खाली, २८६, पुन्हा जात नाही, पुन्हा शून्य. ४ खाली, २८६४. नऊ वेळा, उरले ६५. ७ खाली, ६५७. दोन वेळा, ६२२.

उरले ३५.

मोठ्याने सांगा: भागाकार ६९०५०९२, बाकी ३५. ते मान हलवतात. तेवढं पुरे.

पुढचा उमेदवार थेट १३०३. मधल्या सगळ्या संयुक्त निघाल्या. १३०३ पलीकडच्या बाकावरच्या मुलाने घेतलाय, तुम्ही १४८९ घ्या. चार अंकी भाजक, म्हणजे प्रत्येक पायरीला अंदाज चुकण्याची भीती. चार वेळा बसेल की पाच? पाच वेळा धरलंत तर मोठं होतं, पुसा, चार करा. मान आखडली. शेगडीकडची बाजू भाजतेय आणि खिडकीकडचा खांदा गारठलाय. नाकाच्या शेंड्यावर खडू, दातांतही खडू. कोणीतरी काळा पाव आणि सूप आणून ठेवलंय, ते गार होतंय. बाकी १९९. तुम्हाला हळूहळू एक विचित्र गोष्ट जाणवेल. प्रत्येक वेळी काहीतरी उरतं आणि प्रत्येक वेळी बरं वाटतं. घरच्या हिशोबात काही उरलं की आपण चूक शोधतो. इथे शून्य उरलं तर सगळं घर हळहळेल.

दमलात? थोडं थांबा. शेजारी ते लहान पोर बोटांवर मोजतंय, त्याला एक खेळ द्या. ४१ पासून सुरू कर. २ मिळव, ४३. आता ४ मिळव, ४७. मग ६, ५३. मग ८, ६१. दर वेळी दोनाने वाढवत जा. जी संख्या येईल ती मूळ. अशा ४० संख्या येतात, १६०१ पर्यंत, एकही चुकत नाही. एकेचाळिसावी येते १६८१, ती मात्र ४१ चा वर्ग निघते. हा खेळही ऑयलरनी सांगितलेला, आणि जे पत्र लिहून त्यांनी आपल्या मोठ्या आकड्याची बातमी गणिती बर्नुलींना कळवली, त्याच पत्रात तो आहे. त्यात २४८ चा पाढाही आहे, ४६३३९ पर्यंत सगळ्या तपासल्याचंही आहे. बर्लिनच्या अकादमीने ते पत्र छापलं. थोडक्या ओळींचा मजकूर. त्यामागची खडूची धूळ छापील कागदावर दिसत नाही, म्हणून तर तुम्हाला इथे आणावं लागलं.

संध्याकाळ झाली असावी, पण या शहरात या दिवसांत ती ओळखू येत नाही. उजेड तसाच, दुधासारखा, खिडकीत थांबून राहिलेला. शेवटचा उमेदवार झाला. बाकी उरली. कोणी टाळ्या वाजवत नाही. ऑयलरांच्या पत्नी काथारिना दारात येऊन जेवायचं विचारतात, पोरं आत धावतात. घरातल्या सगळ्यांना जमवून संध्याकाळची प्रार्थना करायची या घराची रीत आहे. तुम्हीही मागे उभे राहा. आणि उभ्या उभ्या तुमच्या आकड्याला एकदा डोळे भरून पाहा.

त्याचे शेजारी पाहा. वरच्या बाजूला एक मिळवला की नुसते २, एकतीस वेळा. खालच्या बाजूला एक काढला की २१४७४८३६४६, आणि तो फुटतो २, ३, ३, ७, ११, ३१, १५१, ३३१ अशा चिल्लर तुकड्यांत. दोन्ही सख्खे शेजारी सहज फुटणारे, आणि मधला कशानेच न फुटणारा. त्या तुकड्यांत ३१ दिसला का? तो रहाटाचा फेरा. त्याला तिथे असावंच लागतं.

आता याला २ च्या ३०व्या घाताने गुणा. २३०५८४३००८१३९९५२१२८ येतात. ही परिपूर्ण संख्या: तिला भागणाऱ्या, तिच्याहून लहान सगळ्या संख्यांची बेरीज पुन्हा तीच. ६ चं कसं होतं, १ आणि २ आणि ३ मिळून ६. २८ चं कसं होतं, १, २, ४, ७, १४ मिळून २८. तसंच हे. २ च्या घातातून १ वजा करून मूळ संख्या सापडली की तिच्या हाताला धरून एक परिपूर्ण संख्या येते, हे युक्लिडने दाखवलं होतं. सम परिपूर्ण संख्या दुसऱ्या कुठल्या वाटेने येऊच शकत नाही, हे सिद्ध केलं ते आत्ता प्रार्थनेला उभ्या असलेल्या या माणसाने. पुढे १८११ साली पीटर बार्लो या इंग्रज लेखकाने लिहिलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कोणी शोधणार नाही, कारण तिचा उपयोग काय? त्याचं चुकलं. मोठ्या संख्या सापडत गेल्या, आणि उपयोग याच आकड्याला सापडला.

चला, परत. पूल हलेल, सांभाळून.

आता खिशातला मोबाइल काढा. यंत्र मोजतं ते ० आणि १ मध्ये. तुमचा आकडा त्या लिपीत लिहिला तर एकतीस एक, सलग, मधे एकही शून्य नाही. बत्तीस खणांच्या पेटीत एक खण उणे-अधिकच्या चिन्हाला दिला की उरलेल्या एकतीस खणांत मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. जुन्या पद्धतीची कित्येक यंत्रं १९७० च्या पहिल्या क्षणापासूनचे सेकंद याच पेटीत मोजतात. ती पेटी १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरेल. त्या सेकंदाचा क्रमांक असेल २१४७४८३६४७.

आणि एक उपयोग असा, ज्यात तिचं मूळपण थेट कामाला येतं. १ पासून सुरू करा, दर वेळी ७ ने गुणा, आणि २१४७४८३६४७ ने भागून फक्त बाकी ठेवा. हा रहाट इतका लांब आहे की १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या त्याच्या गाडग्यांत एकदा, आणि एकदाच, वर येते. मगच परत १. फासे टाकल्यासारखे आकडे यंत्राकडून काढून घ्यायला अशाच गुणाकाराचा वापर केला गेला, फक्त ७ ऐवजी ७ चा पाचवा घात, १६८०७, घेऊन. आकडा फुटणारा असता तर एवढा लांब फेरा मिळालाच नसता.

बोटांवर अजून खडू असेल. धुऊ नका इतक्यात. १३०३ चा भागाकार तो पलीकडच्या बाकावरचा मुलगा करत होता, त्याचं उत्तर मी मुद्दाम सांगितलेलं नाही. कागद घ्या, यंत्राला हात लावू नका, आणि २१४७४८३६४७ ला १३०३ ने भागा. तीन आकडी बाकी उरेल. ती किती, ते स्वतः काढून बघा.